कौसाबाईंनी पाय मागं घेतला

सगळ्यात आधी कौसाबाईंचं नाव. मग सलीम, माझा खोलीतला जोडीदार. मग वॉर्डातल्या त्या सिस्टर, ज्यांचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही, सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणायचे. या तीन माणसांमुळं मी आज खुर्चीत बसून हे लिहितोय. काय झालं ते पुढं सांगतोच. नावं आधी लिहिली, कारण माझा स्वभाव मला माहीत आहे. एकदा दुखणं सांगायला बसलो की मी माझ्याच पोटाभोवती फिरत राहीन आणि ही माणसं राहून जातील.

माझं शिक्षण नववीपर्यंत. लिहायची सवय नाही. पण दवाखान्यातनं सुट्टी मिळायच्या दिवशी मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "तुझ्यासारखे लई येतात इथं. लागलेलं सांगत नाहीत, अन् मंग आम्ही शोधत बसतो. लिही काहीतरी, कुणीतरी वाचंल." म्हणून लिहितो.

मी मूळचा कोल्हापूरकडचा. आई, बायको सुनीता आणि लहान मुलगी तिकडंच असतात. मी आठ वर्षं जालन्यात, बियाण्यांच्या गोदामात पिशव्या शिवायच्या मशीनवर आहे. आमच्या गावाकडं पोरगं चालायला लागलं की त्याच्या पायात फुटबॉल येतो. माझी शाळा सुटली तीही त्याच्यापायीच. इकडं आल्यावर खेळणं जमेना, तेव्हा पंचाची परीक्षा दिली आणि शिट्टी गळ्यात घातली. रविवारी पोरांच्या मॅचला उभा राहायचो. गल्लीत मला सागर म्हणून कमी आणि शिट्टीवाले म्हणून जास्त ओळखतात.

कौसाबाई त्याच गल्लीत, आमच्या खोलीपासून चौथ्या घरात राहतात. माहेर केदारखेड्याचं, घरची मेंढरं होती, आता दारात चार शेळ्या आहेत. नवरा टेम्पोवर असतो, आठवड्यातनं दोनदा घरी येतो. एकुलता एक मुलगा ओंकार, सोळा वर्षांचा. आणि कौसाबाई पायाळू आहेत, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेल्या. कुणाच्या पाठीत उसण भरली, कंबर धरली, की सकाळी सकाळी कौसाबाईंना बोलावतात. माणसाला उंबऱ्यात पालथं झोपवायचं, त्यांनी काही न बोलता डावा पाय तीनदा पाठीवर ठेवायचा. माणूस उठून कामाला जातो. खरं की खोटं, मी त्या वादात पडत नाही.

खेळा

मे महिना होता. पेरणीच्या आधी गोदामात श्वास घ्यायला वेळ नसतो. शनिवारी मी दोन पाळ्या करून रविवारी सकाळी सातला मैदानावर उभा राहिलो. सतरा वर्षांखालच्या पोरांची सेमीफायनल. एका बाजूला आमच्या मोहल्ल्याची टीम, त्यात ओंकार. दुसरी टीम बाहेरगावची. मैदान मुरमाचं, फक्कीच्या रेषा पंधरा मिनिटांत पुसलेल्या, आणि रेषेच्या अगदी अंगावर उभे असलेले आईबाप, काके, मामे.

पहिल्या हाफमध्ये मी एक फाऊल दिला तर चार माणसं रेषा ओलांडून आत आली. एकजण म्हणाला, "ए शिट्टी, घरी जायचंय ना?" मी त्यांना बाहेर काढलं. पण त्यानंतर माझा हात शिट्टीकडं जाताना जड झाला, हे मी आज कबूल करतो.

समोरच्या टीमचा सहा नंबर ओंकारला पाय देत होता. बॉल पुढं गेला, सगळ्यांच्या नजरा बॉलमागं गेल्या, की हा ओंकारच्या घोट्यावर बूट ठेवायचा. ओंकार दोनदा माझ्याकडं आला.

"सर, तो सहा नंबर पाय देऊन राह्यला. बॉल गेल्यावर."

"खेळ. बघतोय मी."

दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याचा मोजा खाली आला होता आणि घोटा सुजला होता. "सर, बघा तरी."

"खेळा, खेळा," मी म्हणालो.

दोन्ही वेळा मला दिसलं होतं. मला ती मॅच फक्त संपवायची होती. डोक्यावर ऊन, अंगात दोन पाळ्या, आणि मनात एकच, की उरलेली वीस मिनिटं कशीतरी निघून जावीत.

मग कॉर्नर आला. गोलसमोर गर्दी झाली. सहा नंबरनं पुन्हा घोट्यावर पाय ठेवला. ओंकार वळला आणि त्यानं गुडघा उचलला. मी तेवढ्यात दोघांना सोडवायला मध्ये घुसलो होतो. सहा नंबर बाजूला झाला आणि तो गुडघा माझ्या डाव्या बरगडीखाली बसला.

श्वास गेला. खाली बसलो. डोळे उघडले तर समोर ओंकारचं तोंड, फक्कीसारखं पांढरं. मागच्या खिशात लाल कार्ड होतं. ते काढायला हात मागं न्यावा लागतो, आणि हात जाईना. का जाईना, दुखत होतं म्हणून की मला काढायचंच नव्हतं म्हणून, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी उठलो, कपडे झटकले आणि म्हणालो, "खेळा."

मॅच झाल्यावर पंचाला एक फॉर्म भरून द्यावा लागतो. त्यात एक रकाना असतो, "गैरवर्तन व दुखापत". मी त्यात लिहिलं, निरंक. सरकारी कागदावरचा हा शब्द मला फार आवडायचा. एक शब्द लिहिला की माणूस मोकळा.

सोमवार, मंगळवार

सोमवारी कामावर गेलो. बरगडीपेक्षा डावा खांदा जास्त दुखत होता, तेच मला विचित्र वाटलं. खांद्याला तर काहीच लागलं नव्हतं. सलीम म्हणाला, "भाई, पोती उचलून उसण भरली तुमच्या खांद्यात. एसीत बसणाऱ्याला न्हाई भरत ही." सलीम शहागडचा, मूळचा ट्रकवरचा, त्याच्याकडं प्रत्येक दुखण्याचं कारण तयार असतं. त्यानं मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून खांदा शेकला. मस्तगडच्या दुकानातनं बाम आणून चोळला.

मी त्याला गुडघ्याचं सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे निरंक खोटं पडणार. आणि सोळा वर्षांच्या पोराचा मार खाऊन पंच झोपला, हे गोदामात कळलं असतं तर दिवाळीपर्यंत पुरलं असतं.

मंगळवारी जेवण गेलं नाही. दोन घासात पोट भरल्यासारखं व्हायचं. सुनीताचा फोन आला. "आवाज का असा येतोय तुमचा?" मी म्हणालो, "सीझन आहे, दमलोय." ते खोटं नव्हतं, म्हणून मला बरं वाटलं.

पाय

बुधवारी सकाळी उठायला गेलो आणि भिंत फिरली. अंगावर गार घाम. सलीमनं मला धरून परत टेकवलं आणि न विचारता कौसाबाईंकडं पळाला.

त्या आल्या. हात अजून शेणानं भरलेले होते, ते दारातल्या बादलीत धुतले. मला उंबऱ्यात पालथं झोपवलं. पोट जमिनीला लागलं तेव्हा माझ्या तोंडातनं आवाज निघाला. मग त्यांचा पाय पाठीवर आला. फार हलका, कुणी उशी ठेवावी तसा. एकदा आला. दुसऱ्यांदा येईल म्हणून मी वाट बघितली, पण त्यांनी पाय मागं घेतला.

उसण काढताना त्या बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या.

"सलीम, ह्याला उताणा कर."

"अजून दोनदा राह्यलं ना मौसी."

"उताणा कर म्हंते ना. उसण अशी गार न्हाई लागत."

मला उताणं केलं. त्यांनी माझ्या पोटावर दोन बोटं ठेवली. पोट पाटासारखं ताठ होतं. मग त्यांनी माझा खालचा ओठ धरून खाली ओढला, शेळीचा ओढतात तसा, आणि हिरड्या बघितल्या.

"पांढऱ्या झाल्या," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं एक मेंढी अशीच उभी राह्यली होती. दुसरीनं कुशीत धडक दिल्ती. वरून काहीच दिसंना. हिरड्या पांढऱ्या, अन् संध्याकाळी गेली. हे माझ्या पायाचं काम न्हाई. रिक्षा आण, जल्दी."

एवढ्या वर्षांत त्यांनी शेकडो पाठींवर पाय ठेवला असेल. लोक त्यांच्या त्या पायाला मानतात. पण माझ्यापुरतं सांगायचं तर मला तो पाय मागं घेण्यानं वाचवलं. तीनदा ठेवून त्या घरी गेल्या असत्या तर त्यांना कुणी काही म्हटलं नसतं.

"मार लागला होता का?"

सरकारी दवाखान्यात अपघात विभागात तरुण डॉक्टर होते. समोर बाकांवर खूप माणसं. त्यांनी मला तपासलं आणि पहिलाच प्रश्न बरोबर विचारला.

"पोटाला कुठं मार लागला होता का?"

माझ्या शेजारी कौसाबाई माझी एक चप्पल हातात घेऊन उभ्या होत्या. रिक्षातनं उतरताना निघाली होती.

"नाही," मी म्हणालो.

"पडलात, गाडी घसरली, कुणी मारलं?"

"नाही साहेब. खांद्यात उसण आहे, आणि चक्कर."

हे वाचणाऱ्याला मी मूर्ख वाटेन. वाटू द्या. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं ते सांगतो. गोदामात एकदा मारामारी झाली होती, तेव्हा मी बघितलं होतं की मार लागला म्हटलं की दवाखाना पोलिसांना कळवतो. पोलीस म्हणजे ओंकारचं नाव. ओंकारची ऑगस्टमध्ये जिल्ह्याच्या टीमसाठी निवड व्हायची होती, आणि ते पोरगं दुसऱ्या कशातच हुशार नव्हतं. आणि त्याची आई माझी चप्पल धरून उभी. मी म्हटलं, मरत तर नाही ना. मला खरंच वाटत होतं की मी मरत नाही.

डॉक्टरांनी सलाईन लावायला सांगितलं, रक्त तपासायला पाठवायला सांगितलं. ते पुढच्या पेशंटकडं वळले. तेवढ्यात कौसाबाई बोलल्या.

"डॉक्टर, हा खोटं बोलून राह्यला."

डॉक्टर थांबले.

"ह्याला माझ्या लेकाचा गुडघा बसला. रविवारी, मॅचमधी. हितं." त्यांनी स्वतःच्याच डाव्या बरगडीखाली तळवा ठेवला. "पोरगं तीन दिस धड जेवंना. काल संध्याकाळी कबूल झालं. मुका मार असंल म्हणून मी पाय ठेवाया आल्ते. तर अंग मेल्यावानी गार."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. रागावले नाहीत. फक्त विचारलं, "डावा खांदा दुखतो?"

"हो."

त्यानंतर सगळं धावतच झालं. स्ट्रेचर, पोटावर थंड जेल, सोनोग्राफीच्या पडद्याकडं बघून कुणीतरी म्हटलेलं, "पोटात रक्त आहे, वर कळवा." छताचे दिवे एकामागून एक मागं जात होते. मला भीती वाटायला लागली ती तिथं. तोपर्यंत मी फक्त लाजत होतो.

ऑपरेशनच्या आधी सही पाहिजे होती. गावाकडचा माझा भाऊ फोनवर "हो हो, करा" म्हणत होता, पण कागदावर सही करायला माणूस समोर लागतो. मोठ्या सिस्टरनी कौसाबाईंना विचारलं, "पेशंटच्या कोण तुम्ही?"

"शेजारीण."

"नातं लिहायचंय बाई इथं."

कौसाबाईंनी माझ्याकडं बघितलं. "मंग बहीण लिहा. खोटं असंल तर माझ्या माथी."

त्या सकाळी त्यांनी एक खरं सांगितलं आणि एक खोटं. दोन्ही माझ्यासाठी.

पांथरी

जागा झालो तेव्हा नाकात नळी, पोटात नळी, लघवीला नळी. बोलायला गेलो तर घशात वाळू. सलीम पायाशी उभा होता, त्याच्या डोळ्यात पाणी, आणि म्हणाला, "भाई, लई झोपले."

डॉक्टर सांगून गेले की प्लीहा फाटली होती, काढावी लागली, आणि खांदा दुखत होता तो पोटात साचलेल्या रक्तामुळंच. मला प्लीहा म्हणजे काय कळेना. घाबरून मी सलीमला विचारलं, त्याला माहीत नाही. संध्याकाळी कौसाबाई आल्या, त्यांना विचारलं.

"पांथरी म्हंतेत ती. बकऱ्याची असती ना, जांभळी, जिभेवानी. तीच."

"मग ती काढल्यावर कसं, आक्का?"

"बकऱ्याची काढल्यावर बकरं ऱ्हात न्हाई. तू राह्यला."

हसायला गेलो तर टाके ओढले. तेव्हापासून वॉर्डात मी हसू नये म्हणून सगळे जपायचे, आणि नेमकं त्यानंच हसू यायचं.

आता वॉर्डातले दिवस. ज्यांच्यावर हे येईल त्यांच्यासाठी सांगतो. पहाटे पाचला ताप बघतात, झोप तिथंच संपते. मग फरशी पुसणारी बाई येते, फिनाईलचा वास. मग एक प्लास्टिकचं यंत्र देतात, तीन गोळ्या असलेलं. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा आणि गोळ्या वर न्यायच्या. नव्वद मिनिटं पळणारा माणूस मी, पहिल्या दिवशी एक गोळी हलली नाही. रडलो. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "रड, पण ओढता ओढता रड." खोकला येणार असं वाटलं की टॉवेलची गुंडाळी पोटाला दाबून धरायची, हे त्यांनीच शिकवलं. शिंक येईल याची मला मरणापेक्षा जास्त भीती वाटायची. तिसऱ्या दिवशी दोन माणसांनी धरून दारापर्यंत चालवलं. दार किती लांब असतं.

शेजारच्या कॉटवर एक म्हातारे बाबा होते, त्यांचं हर्नियाचं झालेलं. ते रोज माझी नळी बघून म्हणायचे, "आज लाल कमी हाय." डॉक्टरांच्या आधी मला त्यांच्याकडनं कळायचं. त्या चार शब्दांवर मी दिवस काढायचो.

एक हवालदार येऊन जबाब घेऊन गेले. मी सांगितलं, खेळताना लागलं, मी मध्ये गेलो होतो. त्यांनी लिहून घेतलं, सही घेतली आणि विचारलं, "अन् जिंकलं कोण?" मला आठवेना.

डबा

आईची आणि मुलीची सोय लावून सुनीता आणि भाऊ चौथ्या दिवशी आले. बसनं एवढा प्रवास करून आलेली सुनीता कॉटजवळ उभी राहिली आणि पहिलं काय म्हणाली, तर, "मला शेजारणीकडनं कळावं व्हय? मंगळवारी फोनवर बोललासा, तवा जीभ झडली होती?"

भाऊ म्हणाला, "बरा झाला की सामान बांधायचं. हितं कोण हाय तुझं?"

तोवर कौसाबाई रोज सकाळी डबा आणायच्या. पातळ कण्या, ताक घातलेल्या. डॉक्टरांनी खायला परवानगी दिल्यापासून तेवढंच पोटात राहत होतं. सुनीताला सलीमकडनं कळलं की गुडघा कुणाचा होता. दुसऱ्या दिवशी डबा आला तो तिनं घेतला आणि स्टुलावर ठेवला, उघडला नाही.

"तिच्या पोरानं मारायचं आणि तिच्याच हातचं खायचं. मला न्हाई जमत."

मी म्हणालो, "ती नसती तर..."

"पोरगं नसतं तर तिची गरजच न्हवती."

खरं सांगतो, दोघीही बरोबर होत्या, आणि मला दोघींमध्ये उभं राहायची ताकद नव्हती. मी डोळे मिटून घेतले. आजारी माणसाला तेवढी एक सोय असते.

संध्याकाळी कौसाबाई आल्या. त्यांनी स्टुलावरचा भरलेला डबा बघितला. सुनीता ताठ बसली, भांडणाच्या तयारीत.

"खाल्लं न्हाई तर राहू दे बाई," कौसाबाई म्हणाल्या. "तुझ्या जागी मी असते तर नालीत ओतलं असतं. डबा तेवढा दे. घरात दोनच हायेत, एक नवऱ्याबरोबर टेम्पोवर जातो, पोरगं शाळेच्या क्लासला उपाशी गेलं आज."

सुनीता उठली. डबा घेऊन नळावर गेली. बराच वेळ लागला तिला. परत आली तेव्हा डबा घासलेला होता. देताना म्हणाली, "उद्या मीठ जरा कमी घाला. ह्यांस्नी तहान लागतीया."

ओंकार

ओंकार आठव्या दिवशी आला. आईनं पाठवलं नव्हतं, तिला माहीतही नव्हतं. कॉटच्या पायाशी उभा राहून चादरीची शिवण बघत राहिला.

"बस," मी म्हणालो.

बसला नाही. "सर, मला त्या सहा नंबरला मारायचं होतं."

"माहीत आहे."

"जोरात मारायचं होतं."

"ते पण माहीत आहे. माझ्या पोटाला विचार."

हसला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "तुम्हाला दिसलं होतं ना? तो पाय देत होता ते."

मी हो म्हणालो.

"मंग शिट्टी का न्हाई वाजवली?"

या प्रश्नापुढं मला नळ्या, टाके, सगळं सोपं वाटलं. पंच म्हणून माझ्याकडं हजार उत्तरं होती. खेळ चालू ठेवायचा असतो, अंगाचा खेळ आहे, प्रत्येक धक्का फाऊल नसतो. ही सगळी मी पोरांना आधी दिलेली आहेत.

"दमलो होतो रे," मी म्हणालो.

त्यानं चादरीची शिवण नखानं टोकरली. मग म्हणाला, "मी बी."

निरंक

सुट्टी मिळाल्यावर स्पर्धेच्या समितीतल्या एकांचा फोन आला. चांगले गृहस्थ. म्हणाले, "तुमच्याबद्दल ऐकलं. पण फॉर्मवर तर तुम्ही निरंक लिहिलंय. आता काय करू? तसंच ठेवू, की दुरुस्ती देताय?"

दुरुस्ती दिली तर ओंकारवर बंदी येणार आणि ऑगस्टची निवड जाणार. तसंच ठेवलं तर काहीच होणार नाही, कुणालाच. सलीम म्हणाला, "ठेवा ना भाई, मिटलं ते मिटलं." सुनीता म्हणाली, "लिहा. सगळं त्याच्यावर लिहा." भाऊ म्हणाला, "तू सामान बांध."

मी काठी टेकत चौथ्या घरापर्यंत गेलो. कौसाबाई शेळीला पाला टाकत होत्या. मी विचारलं. विचारताना मला वाटत होतं की त्यांनी म्हणावं, राहू दे. त्यांनी तेवढं म्हटलं असतं तर मी आनंदानं निरंक ठेवलं असतं आणि वर उपकार फेडल्यासारखं वाटून घेतलं असतं.

त्यांनी पाला टाकून संपवला. ओंकार आत होता, ऐकत होता, आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"दवाखान्यात मी डॉक्टरपुढं बोलले ते खरं का खोटं?"

"खरं."

"मंग कागदावर बी तेच ऱ्हाऊ दे. न्हाईतर मी खोटी पडंल." मग म्हणाल्या, "पण निस्ता त्याचाच गुडघा नको लिहू, शिट्टीवाले. घोटा बी लिही."

मी खोलीवर आलो आणि लिहिलं. माझ्या अक्षरात, अर्धा कागद. सहा नंबरनं दोनदा पाय दिला, मला दिसलं, मी शिट्टी वाजवली नाही. खेळाडूनं तक्रार केली, मी खेळा म्हणालो. सहा नंबरनं तिसऱ्यांदा पाय दिला, त्यानंतर गुडघा. लाल कार्ड दाखवणं माझं काम होतं, मी दाखवलं नाही. फॉर्मवर निरंक लिहिलं ते खोटं आहे.

निकाल आला. ओंकारला वर्षअखेरपर्यंत बंदी. सहा नंबरला दोन मॅचची. माझं नाव एक वर्षासाठी पंचांच्या यादीतून काढलं. ऑगस्टमध्ये निवड झाली त्या सकाळी ओंकार घराबाहेर पडला नाही. कौसाबाईंच्या दारातनं मी गेलो तेव्हा त्या मला पाहून नेहमीसारख्याच म्हणाल्या, "च्या घेतो का?" मी घेतला. आम्ही निवडीबद्दल काही बोललो नाही. चहात साखर जास्त झाली होती, तेही बोललो नाही.

आता

सहा महिने झाले. भावाचं ऐकलं नाही, इथंच आहे. गोदामात बसून करायचं काम दिलंय. पोटावर वरपासून खालपर्यंत रेघ आहे, मुलीनं व्हिडिओ कॉलवर बघून विचारलं, "बाबा, चेन कुणी लावली?" पांथरी नसलेल्या माणसाला ताप आला तर घरी बसून चालत नाही, तडक दवाखाना गाठावा लागतो, आणि काही लसी घ्याव्या लागतात. तेवढं डॉक्टरांकडनं नीट समजून घ्या. मी अजून दिवसातनं चार वेळा कपाळाला हात लावून बघतो. सुनीता रोज फोन करते आणि आवाज कसा येतोय ते ऐकते, मी काय बोलतो ते नाही.

लवकर दमतो. संध्याकाळी खोलीवर आलो की नुसता बसून राहतो. हे कधी जाईल म्हणून विचारलं तर डॉक्टर म्हणाले, जाईल.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. मैदानावर, कामावर, घरात, कुठंही पोटाला मार बसला आणि डॉक्टरांनी विचारलं तर नाही म्हणू नका. शेजारी कोण उभं आहे ते बघू नका. त्या माणसाची जेवढी काळजी तुम्हाला वाटते, तेवढीच त्याला तुमची वाटत असेल.

आणि आक्का, हे तुमच्यासाठी. तुम्हाला वाचता येत नाही, ओंकार वाचून दाखवेल, म्हणजे त्यानंही ऐकलं. मी तुमचं देणं आज फेडू शकत नाही. पळता येत नाही आणि यादीत नाव नाही. पण वर्ष संपेल, डॉक्टर हो म्हणतील, आणि एक ना एक दिवस ओंकारच्या मॅचला मी शिट्टी घेऊन उभा असेन. मी कितीही दमलेला असलो, रेषेवर कुणीही उभं असलं, तरी त्याच्या घोट्यावर पडणाऱ्या पहिल्या पायाला ती वाजेल. आणि त्यानं कुणाला पाय दिला, तर त्यालाही वाजेल.